गोणीचे कान

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर
मी चौकटी काढते.
प्रत्येक चौकटीला जन्मतःच चार ठिपके मिळतात:
वर, खाली, डावा, उजवा.
माऊस जवळ आला की उमलतात,
लांब गेला की मिटतात,
लाजाळूच्या अगदी उलट.

ठिपक्यातून रेघ ओढून काढायची,
दुसरीच्या ठिपक्यावर नेऊन सोडायची.
मध्येच हात सुटला तर ती
रिकाम्या पडद्यावर क्षणभर लोंबते
आणि जाते,
तक्रार न करता.

चिकटण्याचे दोन प्रकार असतात,
हे मला लायब्ररीनं शिकवलं.
नुसत्या चौकटीला चिकटलेली रेघ
सोयीनं बाजू बदलते:
चौकट खाली नेली की डोक्यावर बसते,
उजवीकडे सरकवली की डाव्या अंगाला.
ठिपक्याला चिकटलेली मात्र वळसे घेते,
स्वतःला तीन-तीनदा मोडते,
ठिपका सोडत नाही.
त्या दिवशी डबा खाताना
ओळखीची सगळी माणसं मी दोन भागांत वाटून टाकली.
नवऱ्यापाशी अडले.

काम तुर्भ्याचं होतं, कांदा-बटाटा मार्केटचं.
आवक, गेटनोंद, उतराई, सौदा, तोलाई, जावक.
सहा चौकटी, एका ओळीत.
जास्तीचे ठिपके मी उडवले,
ठेवले दोनच, एक आत, एक बाहेर,
आणि नियम लिहिला:
आतल्यातून काही निघणार नाही,
बाहेरच्यावर कुणी येऊन टेकणार नाही,
एका ठिपक्याला एकच रेघ.
वैदेही कारखानीस म्हणाल्या,
"छान. स्वच्छ आहे."

दाखवायला गेले तेव्हा सकाळचे सहा.
आनंदा सपकाळ, जावळीकडचे, टोळीचे मुकादम,
हातातला आकडा कमरेला अडकवून
लॅपटॉपवर वाकले.
"उतराई म्हणजे आम्हीच ना?"
हो.
"मग ओली गोण कुठं जाते?"
कुठली ओली?
"पाठीवर आली की कळतं. सौद्याच्या आधीच.
ड्रायव्हरला हाक मारायची, गेटावर परत पाठवायची.
रोजच्या दहा-बारा."

मी चौकटीकडे पाहिलं.
मागं बोलायला तिला तोंडच नव्हतं.
ते मीच बंद केलेलं, नियम लिहून.

ते वळले, गोण घ्यायला वाकले.
मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध,
जुन्या रुपयाएवढा काळा घट्टा.
दोघांनी गोणीचे कान धरले, उचलली,
आणि बरोबर तिथंच ठेवली.
बघितलंसुद्धा नाही.
पन्नास किलो.
सरकली नाही.

कान.
तोंड शिवतानाच कोपऱ्यांना ठेवतात ते.
नाहीतर गोण धरायची कुठून?
आमच्या ठिपक्यांना एक इंग्रजी नाव आहे,
अख्खा मजला तेच म्हणतो.
मी आता कान म्हणते.
कोडमध्येसुद्धा तसंच लिहिलंय,
के, डबल ए, एन.
नवीन आलेला मुलगा विचारतो, ही कुठली स्पेलिंग?

परत आल्यावर उतराईला तिसरा कान दिला,
डाव्या अंगाला, जरासा खाली,
टक्क्यांत मोजून,
म्हणजे उद्या कुणी चौकट ताणली
तरी तो आपली जागा धरून राहील.
गेटनोंदीलाही एक जादा,
परत आलेलं ऐकून घ्यायला.
मधली रेघ तुटक, विटकरी.
खालून वळसा घेऊन मागं गेली.

"आता जरा गुंता दिसतो,"
वैदेहीताई म्हणाल्या.
दिसतो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
गेटनोंदीची चौकट उगाच ओढत बसले,
पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
रेघ मोडत गेली, सुटली नाही.
मग मनगट दुखायला लागलं.
माऊस टेकतो तिथं, हाडाखाली,
बोटाला काहीतरी टणक लागलं.
त्याला घट्टा म्हणायची
माझी हिंमत नाही.